फॉस्फोरिबोसिलट्रान्सफरेज डोमेनचं कार्य कसं ठरवायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात जिवाणूंचे जीनोम आता एम.एस्सी.च्या प्रकल्पांतही सर्रास वाचले जातात. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या (एनसीएल) संग्रहातून आणलेला स्ट्रेन असो नाहीतर मुठेच्या गाळातून स्वतः वेगळा केलेला, सिक्वेन्स हाती आला की पाइपलाइन (जीन्स शोधून त्यांना नावं देणारे प्रोग्राम) चालवायची आणि काही हजार प्रथिनांची यादी समोर येते. त्या यादीत ‘फॉस्फोरिबोसिलट्रान्सफरेज’ हे नाव वेगवेगळ्या शेपट्या लावून पुन्हा पुन्हा दिसतं. त्यावरून विद्यार्थी जे प्रश्न विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. ब्लास्ट कसं चालवायचं हे तुम्हाला येतं असं धरलं आहे.

हे डोमेन मुळात करतं काय?

डोमेन म्हणजे प्रथिनाचा स्वतःची घडी असलेला भाग. न्यूक्लिओटाइड, म्हणजे डीएनए-आरएनएची वीट, बनते बेस, साखर आणि फॉस्फेट यांतून. त्यातली साखर आणि फॉस्फेट पेशीत एका तयार रेणूच्या रूपात मिळतात, तो म्हणजे पीआरपीपी (फॉस्फोरिबोसिल पायरोफॉस्फेट). रायबोजच्या पाचव्या कार्बनवर फॉस्फेट आणि पहिल्या कार्बनवर पायरोफॉस्फेट. एंझाइम हे पायरोफॉस्फेट सोडवतं आणि त्या जागी बेस जोडतं. सोबत मॅग्नेशियम लागतं. ग्वानिन जोडलं तर जीएमपी, ॲडेनिन जोडलं तर एएमपी, ओरोटेट जोडलं तर ओएमपी. आर्थर कोर्नबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ च्या सुमारास पीआरपीपी शोधलं ते याच ओरोटेटच्या अभ्यासातून.

या कुटुंबात कोण कोण येतं?

प्रथिनांच्या कुटुंबांची नोंद ठेवणाऱ्या पीफॅमच्या यादीत हे कुटुंब पीएफ००१५६ या क्रमांकाखाली सापडतं. ओरोटेटचं पायरई (ईसी, म्हणजे एंझाइमच्या अभिक्रियेचा वर्गक्रमांक, २.४.२.१०) पायरिमिडिन नव्याने बनवण्याच्या वाटेवर आहे. प्युरिन नव्याने बनवण्याची पहिली पायरी पुरएफ (२.४.२.१४) उचलतं, ते बेस न जोडता नुसता अमोनिया जोडतं. मोडलेल्या न्यूक्लिओटाइडचे बेस परत वापरात आणणारी मंडळी वेगळी: हायपोझँथिन-ग्वानिनचं एचजीपीआरटी (२.४.२.८), ॲडेनिनचं एपीआरटी (२.४.२.७), युरॅसिलचं यूपीआरटी (२.४.२.९). एकच घडी, पण एक सभासद नव्या बांधणीत, दुसरा भंगार वेचण्यात. ‘न्यूक्लिओटाइड बायोसिंथेसिस’ असा एकच शिक्का सगळ्यांवर मारला की हा फरक पुसला जातो.

डोमेन सापडलं की कार्य कळलं, असं का म्हणायचं नाही?

या पानावरचा हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर.

डोमेनचं नाव त्या कुटुंबातल्या आधी अभ्यासलेल्या सभासदांवरून पडतं. नंतर त्याच घडीचे असे सभासद सापडतात, जे ते काम करतच नाहीत. बॅसिलस सबटिलिसमधलं पुरआर घ्या. त्यात फॉस्फोरिबोसिलट्रान्सफरेजची घडी आहे, पीआरपीपी धरून ठेवण्याची जागाही आहे, पण ते बेस जोडत नाही. ते डीएनएला बांधलं जाऊन प्युरिनची जीन्स दाबून ठेवतं, आणि पीआरपीपी वाढलं की डीएनए सोडतं. पेशीत कच्चा माल आला आहे याची खबर ते देतं. त्याच जिवाणूतलं पायरआर आरएनएला बांधलं जाऊन पायरिमिडिनच्या जीन्सवर लगाम ठेवतं आणि वर युरॅसिल जोडण्याचं कामही करतं. तिथे दोन्ही कार्यं लिहावी लागतात.

आता पीआरपीपी बनवणारं एंझाइम पाहा, पीआरएस (ईसी २.७.६.१). त्यात याच घडीची दोन डोमेन्स शेजारी शेजारी आहेत, पण ते एटीपीचं पायरोफॉस्फेट रायबोज-५-फॉस्फेटवर चढवतं. ईसी क्रमांकाचा दुसरा आकडासुद्धा बदलला. माणसात याच एंझाइमसोबत राहणारी दोन प्रथिनं आहेत. दिसायला हुबेहूब, पण स्वतः अभिक्रिया घडवत नाहीत. आणि कॉमएफसी नावाचं प्रथिन जिवाणूंना बाहेरचा डीएनए आत घेताना लागतं. त्यातही हेच डोमेन.

एवढ्यावरून घडी आणि कार्य यांत किती अंतर असू शकतं ते लक्षात यावं. ‘यात फॉस्फोरिबोसिलट्रान्सफरेज डोमेन आहे’ हे विधान तुम्ही पुराव्यानिशी करू शकता. ‘हे प्रथिन हायपोझँथिनला रायबोज-फॉस्फेट जोडतं’ हे दुसरं विधान आहे, आणि त्याला दुसरा पुरावा लागतो.

ई-व्हॅल्यू दहाचा उणे चाळिसावा घात आली. आता तरी पुरे ना?

कुटुंब ओळखायला पुरे, बेस ओळखायला नाही. कारण रचनेत आहे. या प्रथिनांचा गाभा, म्हणजे मधला बीटा-पत्रा आणि त्याभोवतीची हेलिक्स, पीआरपीपी धरतो आणि तो सगळीकडे सारखा असतो. हिडन मार्कोव्ह मॉडेल, म्हणजे कुटुंबाचा सांख्यिकी नमुना, मुख्यतः याच गाभ्यावर गुण देतं. कोणता बेस बसणार हे ठरवण्यात गाभ्यावर टोपीसारखा असलेला भाग मोठा वाटा उचलतो. त्याला हूड म्हणतात, आणि तो उपकुटुंबागणिक इतका बदलतो की अलाइनमेंटमध्ये तिथे नुसत्या फटी दिसतात. ज्या भागात सब्स्ट्रेटची ओळख दडली आहे, नेमका तोच तुमच्या स्कोअरमध्ये जवळजवळ मोजला जात नाही.

मर्यादा म्हणून स्वतःच्या मनाने एखादी ई-व्हॅल्यू ठरवू नका. पीफॅमच्या क्युरेटरांनी प्रत्येक कुटुंबासाठी स्वतंत्र गुणमर्यादा ठरवली आहे. हा नमुना जुळवणारं एचएमएमईआर चालवताना तीच वापरा.

मोटिफ नेमका कुठे पाहायचा?

मोटिफ म्हणजे कुटुंबात टिकून राहिलेला तेरा अमिनो ॲसिडचा पट्टा. आधी चार पाणी टाळणारी, मग दोन आम्लधर्मी, पुढे बहुधा थ्रिओनिन आणि ग्लायसिन. मोटिफच्या प्रोसाइट डेटाबेसात हा पॅटर्न पीएस००१०३ म्हणून नोंदलेला आहे. मानवी एचजीपीआरटीत ती आम्लधर्मी जोडी म्हणजे १३३ वरचं ग्लुटामेट आणि १३४ वरचं ॲस्पार्टेट. थोडं पुढे १३७ वरचं ॲस्पार्टेट अभिक्रियेत बेसचा प्रोटॉन घेतं. १६५ वरचं लायसिन प्युरिनच्या सहाव्या कार्बनवरच्या ऑक्सिजनला हायड्रोजन बंध देतं. त्यामुळे ग्वानिन आणि हायपोझँथिन बसतात. ॲडेनिनला तिथे ऑक्सिजनऐवजी अमिनो गट असल्याने ते बसत नाही.

इथे बरेच जण अडखळतात. शोधनिबंधांत १३३, १३४, १३७ लिहिलेलं असतं आणि युनिप्रॉट हा प्रथिनांचा डेटाबेस उघडला की १३४, १३५, १३८ दिसतात. दोन्ही बरोबर आहेत. प्रथिन तयार होताना पहिलं मेथिओनिन काढून टाकलं जातं; निबंध त्यानंतर मोजतात, युनिप्रॉट त्यासकट मोजतं. अलाइनमेंटमध्ये ‘ॲक्टिव्ह साइटचं ॲस्पार्टेट गायब आहे’ असं लिहिण्याआधी एक घर मागे-पुढे पाहा.

आणखी एक. ई. कोलायच्या यूपीआरटीत आम्लधर्मी जोडीतल्या दुसऱ्या जागी प्रोलिन आहे, तरी ते पूर्ण कार्यक्षम एंझाइम आहे. दुसरं आम्ल नाही म्हणून ‘निष्क्रिय’ असा शेरा मारू नका. आपलं प्रथिन कोणत्या उपकुटुंबातलं आहे ते आधी बघा.

पुरएफ सापडलं, पण पाइपलाइन म्हणते की ग्लुटामिनेजची ॲक्टिव्ह साइट नाही. असं होऊ शकतं का?

होऊ शकतं, पण बहुतेक वेळा जीनची सुरुवात चुकीच्या जागी धरलेली असते.

पुरएफमध्ये दोन डोमेन्स आहेत. मागचं फॉस्फोरिबोसिलट्रान्सफरेजचं, पुढचं ग्लुटामिनमधून अमोनिया सोडवणारं. पुढच्या डोमेनचं सगळं काम एका सिस्टिनवर चालतं आणि ते सिस्टिन तयार प्रथिनाच्या अगदी टोकाला, पहिल्या क्रमांकावर यावं लागतं. ई. कोलायमध्ये मेथिओनिन निघालं की लगेच सिस्टिन. बॅसिलस सबटिलिसमध्ये आणि माणसात आधी ११ अमिनो ॲसिडचा तुकडा असतो, तो कापला जातो, मग सिस्टिन उघडं पडतं. जीन शोधणाऱ्या प्रोग्रामने सुरुवात वीस कोडॉन आधी किंवा नंतर धरली, तर सिस्टिन कुठेतरी मध्ये पडतं किंवा गायबच होतं. अशा वेळी जवळचे एटीजी, जीटीजी, टीटीजी तपासा, रायबोसोम बांधण्याची जागा कुठे बसते ते पाहा, आणि ओळखीच्या पुरएफशी टोक जुळवून बघा. पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि ते केल्यावर ‘नवीन प्रकारचं पुरएफ’ हा मथळा बरेचदा गळून पडतो.

टॉप हिटचं नाव ‘यूएमपी सिंथेज’ आहे, पण माझं प्रथिन त्याच्या निम्म्या लांबीचं आहे. काय लिहू?

‘यूएमपी सिंथेज’ लिहू नका. माणसाचं यूएमपी सिंथेज ४८० अमिनो ॲसिडचं, दोन डोमेन्सचं आहे: आधी ओरोटेटचं, नंतर ओएमपीचा कार्बोक्झिल गट काढणारं. यीस्टमध्ये आणि बहुतेक जिवाणूंत ही दोन स्वतंत्र प्रथिनं आहेत. लिशमॅनियामध्ये दोन्ही जोडलेली आहेत, पण क्रम उलटा. तुमचं प्रथिन यातल्या एकाच भागाशी जुळतं. कोणत्या, ते अलाइनमेंटच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या क्रमांकांवरून लगेच कळेल. टॉप हिटचं नाव उचलण्यापूर्वी दोन्ही बाजूंचं कव्हरेज बघायची सवय लावून घ्या.

निकोटिनिक ॲसिडचं फॉस्फोरिबोसिलट्रान्सफरेज याच कुटुंबातलं का?

नाही. अभिक्रिया तीच, घडी वेगळी. त्याला टाइप टू म्हणतात. ट्रिप्टोफॅनच्या वाटेवरचं टीआरपीडी टाइप थ्री. या पानावर सगळं टाइप वनबद्दल आहे.

ई. कोलायमध्येही पुरआर आहे. मग बॅसिलसच्या पुरआरची माहिती तिथून घेऊ का?

अजिबात नको. ई. कोलायचं पुरआर लॅक रिप्रेसरच्या कुटुंबातलं आहे. त्याला हायपोझँथिन किंवा ग्वानिन बांधलं गेलं की ते डीएनएला घट्ट धरतं. बॅसिलसचं आपल्या कुटुंबातलं, आणि पीआरपीपी आलं की डीएनए सोडणारं. काम दोघांचं एकाच धर्तीचं, म्हणून जनुकशास्त्रज्ञांनी दोघांना एकच नाव दिलं. नावावरून शोध घेऊन माहिती चिकटवणाऱ्या स्क्रिप्ट या जोडीपाशी हटकून फसतात.

डेटाबेसमध्ये एवढ्या चुका खरंच असतात का?

असतात, आणि कुठे असतात हेही तपासलेलं आहे. २००९ साली एंझाइमांच्या सहा महाकुटुंबांतली ३७ कुटुंबं पारखून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. माणसांनी एकेक नोंद तपासलेल्या स्विस-प्रॉटमध्ये बहुतेक कुटुंबांत चुकांचं प्रमाण शून्याच्या जवळ होतं. आपोआप भरल्या जाणाऱ्या ट्रेम्बल, जेनबँकच्या एनआरमध्ये आणि केगमध्ये ते महाकुटुंबानुसार सरासरी ५ ते ६३ टक्के होतं. ३७ पैकी १० कुटुंबांत, यांतल्या एका तरी डेटाबेसात, ८० टक्क्यांहून जास्त.

चूक पसरते ती अशी: एका प्रथिनाला घाईत नाव मिळतं, दुसऱ्याला ते साम्यावरून, तिसऱ्याला दुसऱ्यावरून. सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यावर पाटी एका घराण्याची आणि आत राहणारं बिऱ्हाड दुसरंच, पण पोस्टमन पाटी वाचूनच पत्र टाकतो, तसं. म्हणून मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो की शंभर हिट एकच नाव सांगत असतील तर ते शंभर पुरावे धरू नका. त्यातला प्रयोगाने सिद्ध झालेला कोणता, एवढंच शोधा. बऱ्याचदा तो एकच निघतो, आणि तुमच्या प्रथिनापासून दूरचा.

अल्फाफोल्डने सिक्वेन्सवरून भाकीत केलेलं रचनेचं मॉडेल आहे. त्यावरून सब्स्ट्रेट कळेल का?

मॉडेल खूप उपयोगी आहे. २०२२ पासून वीस कोटींहून जास्त रचना खुल्या उपलब्ध आहेत, आणि हूडचा आकार पाहायला आता क्रिस्टलची वाट पाहावी लागत नाही. पण तीन गोष्टी ध्यानात ठेवा. त्या साठ्यातल्या मॉडेलांत पीआरपीपी नसतं, मॅग्नेशियम नसतं. दुसरं, अभिक्रियेच्या वेळी ॲक्टिव्ह साइटवर झाकणासारखी येणारी लवचिक साखळी त्यात विश्वासार्ह नसते. तिसरं सगळ्यात जास्त नजरेतून सुटतं: ओरोटेटचं एंझाइम दोन उपघटकांचं आहे, आणि एकाच्या ॲक्टिव्ह साइटवर येणारी साखळी दुसऱ्या उपघटकातून येते. एकट्या साखळीचं मॉडेल उघडून ‘पॉकेट अपुरं दिसतं’ असं लिहिलं तर त्यात प्रथिनाचा दोष नाही. अर्धंच प्रथिन पाहिलं. डायमर म्हणून मॉडेल करा.

शेजारच्या जीन्सवरून काही कळतं का?

जिवाणूंमध्ये बरंच कळतं. बॅसिलस सबटिलिसमध्ये पायरिमिडिनची दहा जीन्स एका ओळीत आहेत, पायरआरपासून पायरईपर्यंत. प्युरिनची बारा जीन्स दुसऱ्या ओपेरॉनमध्ये, म्हणजे एकत्र वाचल्या जाणाऱ्या दुसऱ्या ओळीत. तुमचं जीन अशा ओळीत बसलं असेल तर तो भक्कम आधार. झँथिनचं एक्सपीटी हे जीन प्युरिनच्या रायबोस्विचखाली (बेस बांधून जीन चालू-बंद करणारा आरएनएचा तुकडा) असतं. वरच्या भागात तो रायबोस्विच सापडला तर बेस प्युरिन असण्याकडे कल झुकतो. मात्र हे सगळे आधारच आहेत, सिद्धता नव्हे.

प्रयोग करायचाच तर सगळ्यात सोपा कोणता?

ओरोटेटचं एंझाइम असेल तर स्पेक्ट्रोफोटोमीटर पुरतो. ओरोटेट संपत जातं तसं २९५ नॅनोमीटरवरचं शोषण उतरत जातं. किरणोत्सर्गी काही लागत नाही. क्युव्हेट मात्र क्वार्ट्झचा हवा, साधा प्लास्टिकचा या तरंगलांबीला चालणार नाही. एंझाइम न घालता एक नळी, मॅग्नेशियम न घालता दुसरी नळी, आणि ओरोटेटऐवजी युरॅसिल घालून तिसरी. ही तिसरी नळी लोक टाळतात, आणि विशिष्टतेचं उत्तर तीच देते.

जिवंत पेशीतला पुरावा हवा असेल तर पायरई काढलेला ई. कोलाय स्ट्रेन घ्या. युरॅसिल दिल्याशिवाय तो मिनिमल माध्यमावर वाढत नाही. तुमचं जीन घातल्यावर वाढला तर ते काम होतंय. तुलनेसाठी एमजी१६५५ हा ई. कोलाय स्ट्रेन वापरणार असाल तर सावध राहा. या नेहमीच्या स्ट्रेनमध्ये आरपीएच जीनमध्ये फ्रेमशिफ्ट आहे, त्यामुळे पुढच्या पायरईची निर्मिती आधीच कमी होते आणि युरॅसिलशिवाय हा स्ट्रेन स्वतःच जरा मंद वाढतो.

अहवालात शेवटी काय शब्द लिहू?

पुरावा जिथवर पोचतो तिथवरच. फक्त डोमेन सापडलं असेल तर ‘फॉस्फोरिबोसिलट्रान्सफरेज डोमेन असलेलं प्रथिन’ लिहा आणि ईसी क्रमांकाची जागा मोकळी सोडा. ॲक्टिव्ह साइट जुळते, पण बेस ठरत नाही, तर २.४.२.- असा क्रमांक लिहा. शेवटी आडवी रेघ ठेवण्याची सोय पद्धतीतच आहे. हूड, शेजारची जीन्स आणि जवळचा सिद्ध सभासद एकाच दिशेने बोट दाखवत असतील तर पूर्ण क्रमांक द्या, ‘संभाव्य’ असा शब्द जोडून.

जीन ऑन्टॉलॉजीचे संकेत नीट वापरा. यंत्राने आपोआप दिलेलं आयईए, माणसाने साम्य तपासून दिलेलं आयएसएस, म्यूटंटच्या लक्षणांवरून दिलेलं आयएमपी, थेट एंझाइम मोजून दिलेलं आयडीए. चारही कार्याबद्दलच बोलतात, पण त्यांचं वजन सारखं नाही. हा कॉलम गाळून तक्ता छापला की वाचणाऱ्याला काहीच तपासता येत नाही.

परीक्षक ‘अज्ञात’ शब्दाला गुण कापतील ही भीती मला नेहमी ऐकू येते. कारण नीट मांडलं असेल तर चांगला परीक्षक कापत नाही. आणि कापले तरी, जीनोम जमा केल्यावर तुमचं चुकीचं नाव दुसऱ्या कुणाच्या तरी टॉप हिटमध्ये जाऊन बसणार आहे.

एका नावासाठी एवढी काळजी का?

कारण या घराण्यातल्या एकेका सभासदावर माणसांचे आजार आणि औषधं टांगलेली आहेत. १९६४ मध्ये लेश आणि नायहन यांनी मुलांमधला एक आजार वर्णन केला: युरिक ॲसिड प्रचंड वाढलेलं, आणि मूल स्वतःचेच ओठ, बोटं चावून जखमी करणारं. १९६७ मध्ये कारण सापडलं, एचजीपीआरटी नाही. एपीआरटी नसेल तर वेगळंच होतं: मूत्रपिंडात डायहायड्रॉक्सिॲडेनिनचे खडे होतात. साध्या एक्स-रेवर ते दिसत नाहीत, म्हणून युरिक ॲसिडचे समजले जाऊ शकतात. एकाच घडीच्या दोन एंझाइमांची गल्लत इथे रुग्णाला भोवते.

लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात दिलं जाणारं ६-मर्कॅप्टोप्युरिन एचजीपीआरटीनेच कार्यक्षम होतं. ते शोधणाऱ्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ चं नोबेल मिळालं. मलेरियाचा परजीवी प्युरिन नव्याने बनवूच शकत नाही, वेचून आणतो, आणि त्याचं एंझाइम झँथिनसुद्धा घेतं, जे माणसाचं जवळजवळ घेत नाही. औषध शोधणारे याच फटीत पाचर मारू पाहतात. तिथे ‘फॉस्फोरिबोसिलट्रान्सफरेज’ एवढंच लिहिलेली नोंद काय कामाची?

प्रयोगशाळेतही हेच एंझाइम भेटतं. १९७५ च्या हायब्रिडोमा तंत्रात (प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशींचा कर्करोगी मायलोमा पेशींशी संयोग) एचजीपीआरटी नसलेल्या मायलोमा पेशी वापरतात. हॅट माध्यमातलं अमिनोप्टेरिन नव्याने बनवण्याची वाट बंद करतं आणि वेचण्याची वाट नसलेल्या पेशी मरतात.

पुण्यात यासाठी कुठे जावं लागेल?

संगणकासाठी बहुधा कुठेच नाही. पुण्यात सी-डॅक आहे, आयसरमध्ये परम ब्रह्म आहे; पण एका कुटुंबाचा शोध काही हजार प्रथिनांवर साध्या लॅपटॉपवर चहा होईस्तोवर पूर्ण होतो. स्ट्रेनसाठी पाषाण रस्त्यावरच्या एनसीएलचा एनसीआयएम हा सूक्ष्मजीवांचा संग्रह, पेशींसाठी गणेशखिंडीतल्या विद्यापीठाच्या आवारातलं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र. विद्यापीठातल्या बायोइन्फॉर्मॅटिक्सच्या मंडळींशी अलाइनमेंट हातात घेऊन बोला. नुसता ‘सर, हे काय असेल?’ असा मेल टाकण्यापेक्षा लवकर उत्तर मिळतं.

डेटाबेसमध्ये चूक सापडली तर काय करायचं?

कळवा. युनिप्रॉटच्या प्रत्येक नोंदीवर अभिप्राय पाठवण्याची सोय आहे, आणि विद्यार्थ्याचा अभिप्रायही वाचला जातो. ‘हे चुकीचं वाटतं’ एवढंच लिहू नका. नोंदीचा क्रमांक, कोणतं नाव किंवा ईसी क्रमांक चुकला आहे, अलाइनमेंटमधली नेमकी कोणती जागा त्याला विरोध करते, आणि प्रयोगाचा निबंध असेल तर त्याचा क्रमांक, एवढं द्या. जेनबँकमधली नोंद मात्र जमा करणाऱ्याच्या मालकीची असते. तिथे ज्यांनी सिक्वेन्स जमा केला त्यांनाच दुरुस्ती पाठवावी लागते. ती नोंद तुमच्याच प्रयोगशाळेची असेल तर सुरुवात तिथून करा.